बाकड्यांपलीकडचे अंदाजपत्रक

महापालिकेच्या अंदाजपत्रकावर लोकांचे मत घ्या म्हटले, की पहिला आक्षेप ठरलेला: लोकांना आपल्या दारापुढचेच दिसते, त्यांच्यावर सोपवले तर शहरभर नुसती बाकडी उभी राहतील. मग पुण्याकडे बोट दाखवले जाते. तिथे 2006-07 पासून नागरिकांकडून कामे सुचवून घेतात आणि सूचनांत पदपथ, दिवे, बाक यांचीच गर्दी असते.

गर्दी असते, कबूल. पण फॉर्म कोणी छापला? त्यात प्रभागातली किरकोळ कामेच विचारायची, खर्चाला मर्यादा घालायची. नदीकाठ आणि उड्डाणपुलांचे कोट्यवधी मात्र भलत्याच टेबलावर ठरवायचे. ताटात चटणीच वाढायची आणि पाहुणा चटणीच खातो म्हणून हसायचे, असला हा न्याय. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेत 1989 पासून वस्त्यावस्त्यांच्या सभांना शहराच्या गुंतवणुकीचा क्रम विचारला गेला. गरीब वस्त्यांनी नळ, सांडपाण्याच्या वाहिन्या आणि पक्के रस्ते मागितले. (पुढे सत्ता बदलत गेली तशी त्या प्रयोगाची रया गेली, लोक अडाणी होते म्हणून नव्हे.)

दुसरा आक्षेप जास्त कुजका आहे. ‘कर आम्ही भरतो, मग बाकीच्यांना कशाला विचारायचे?’ झोपडीतली बाई साबणावर जीएसटी देते. भाडेकरूच्या भाड्यातच मालकाचा मिळकतकर असतो. जकात, स्थानिक संस्था कर (एलबीटी) जाऊन 2017 मध्ये जीएसटी आला. त्या बदल्यात महापालिकांना मिळणारे राज्याचे अनुदान याच खिशांतून येते. करदाता नसलेला माणूस या शहरात शोधूनच दाखवावा.

खरी खोट वेगळीच आहे. कराची चर्चा एकीकडे, खर्चाची दुसरीकडे. स्वतः राहत्या घराला 1970 पासून मिळणारी 40 टक्के सवलत पुण्यात बंद झाली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! 2023 मध्ये ती परत मिळाली आणि सवलतीसाठीचा पीटी-3 अर्ज भरायची धांदल उडाली. म्हणजे कराबद्दल बोलायला पुणेकरांना वेळ नसतो, असे मुळीच नाही. पण सवलतीने घटणारा पैसा कोणत्या कामातून कापायचा, हा प्रश्न त्या गदारोळात दबूनच गेला. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 मध्ये करमाफी मिळाली, तेव्हाही तेच. माफी जाहीर करणाऱ्याला हार मिळतात. काय कापले ते सांगणाऱ्याला कोण हार घालणार?

म्हणून अंदाजपत्रकाचा मसुदा स्थायी समितीपुढे जाण्याआधी प्रभागाप्रभागात सभा व्हावी. हातात दोन पानांचा कागद असावा: या भागातून मिळकतकर किती आला, किती थकला, इथे खर्च किती झाला, आणि सवलत हवी तर कोणते काम मागे पडेल. सोसायट्यांचे अध्यक्षच माइक धरून बसतील, ही भीती खरी आहे. तेव्हा सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला नको. रविवारी संध्याकाळी, वस्तीजवळच्या महापालिका शाळेत भरवा, आणि बड्या थकबाकीदारांची यादी तिथल्याच फळ्यावर लावा.