खोबऱ्याची वाटी आणि विमानाची कॅबिन

विमानाच्या कॅबिनमध्ये कोणत्या वस्तूंना मज्जाव असावा, हा वाद आता महानगरांपुरता उरलेला नाही. आंबेगाव तालुक्यातील अवसरी बुद्रुकसारख्या गावातून परदेशी शिकायला निघालेल्या मुलाच्या सामानात घरचा मसाला आणि खोबऱ्याच्या वाट्या असणे स्वाभाविक आहे. आणि शेजारच्या खेड तालुक्यात होऊ घातलेले विमानतळ पुरंदरकडे गेल्यामुळे त्या सामानाची झडती आजही लोहगावला किंवा थेट मुंबईलाच होते.

या वादात दोन निरनिराळे धोके एकत्र कालवले जातात. कॅबिन, म्हणजे प्रवासी बसतात तो भाग, तेथे धोका माणसाच्या हाताचा असतो. खालच्या सामानकक्षात तो कोणाची नजर नसताना पेटणाऱ्या आगीचा किंवा दडवलेल्या स्फोटकाचा असतो. २३ जून १९८५ रोजी ज्या स्फोटाने ‘कनिष्क’ विमानातील ३२९ जणांचा बळी घेतला, ते स्फोटक सामानकक्षात होते आणि त्या बॅगेचा मालक विमानात चढलाच नव्हता. त्यामुळे कॅबिनमधली कोणतीही बंदी तेथे उपयोगी पडली नसती. त्यानंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, नागरी विमान सुरक्षा ब्युरो हा स्वतंत्र विभाग झाला. उलट, डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेल्या विमानात अपहरणकर्त्यांची पिस्तुले पोहोचली, ती वर्ज्य वस्तूंची यादी अपुरी होती म्हणून नव्हे, तर तपासणी ढिली होती म्हणून.

खोबऱ्यावरील बंदी अनेकांना हास्यास्पद वाटते, परंतु ती सर्वांत सशास्त्र बंदींपैकी एक आहे. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असते आणि ओलावा राहिल्यास त्या तेलाचा हवेशी संयोग होऊन ते आपोआप तापू शकते. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या वर्गीकरणात खोबऱ्याला १३६३ हा क्रमांक देऊन ‘स्वयंतापी’, म्हणजे बाहेरून उष्णता न मिळताही तापणाऱ्या, पदार्थांत घातले आहे. लिथियमची बॅटरी असलेली पॉवर बँकही पेट घेऊ शकते, पण तिचा नियम नेमका उलटा आहे: ती सोबतच ठेवायची, कारण डोळ्यांसमोर लागलेली आग विझवता येते.

धारदार वस्तूंच्या बाबतीत मात्र यादीमागचा तर्क डळमळतो. २००१ नंतर वैमानिककक्षाची दारे भक्कम झाल्याने छोट्या पात्याचे भय कमी झाले, असे मानून अमेरिकेने २०१३ मध्ये लहान चाकूंना मुभा देऊ केली आणि विमान कर्मचाऱ्यांच्या विरोधामुळे ती काही महिन्यांतच सोडून दिली. भारतात २०२२ मध्ये शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानांत सहा इंचांपर्यंत पात्याचे कृपाण बाळगण्याची परवानगी मिळाली. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबला विमानाने येणाऱ्या भाविकांसाठी ही सवलत रास्तच आहे, कारण कृपाण धारण करणे हा संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने धर्माचरणाचा भाग मानला आहे. तरीही आजीच्या बटव्यातील अडकित्ता काढून घेताना सुरक्षेचे कारण सांगितले जाते, तेव्हा ही सवलत सुरक्षेच्या नव्हे, तर हक्काच्या पायावर उभी आहे, हे स्पष्टपणे मान्य करायला हवे. शबरीमलाच्या यात्रेकरूंना हंगामापुरता नारळ कॅबिनमध्ये नेऊ देण्याचा निर्णयही त्याच जातीचा.

विमान कंपन्यांनी तिकिटासोबतच प्रत्येक वर्ज्य वस्तूपुढे तिच्या बंदीचे कारण सोप्या मराठीत छापावे. तोवर प्रवाशांनी अडकित्ता खालच्या सामानात द्यावा, पॉवर बँक जवळ बाळगावी आणि खोबऱ्याची वाटी घरीच ठेवावी.