‘तिथे जैन पण मिळतं’ एवढ्यावर भागत नाही



“अगं, तिथे जैन पण मिळतं!” या एका वाक्यावर हल्ली आपल्या नाशिकमधले कितीतरी रविवार ठरतात. गंगापूर रोडला किंवा कॉलेज रोडला नवं रेस्टॉरंट उघडतं. आत चकचकीत बार, बाहेर झाडांखाली टेबलं, रविवारी दुपारी ब्रंच. भिशीच्या ग्रुपवर फोटो येतो, कोणीतरी दबकत विचारतं, “आपल्याला चालेल ना?” आणि लगेच तीन कारणं पुढे येतात. कांदा-लसूण नसतो. जेवण सूर्यास्ताच्या कितीतरी आधी होतं. आणि आपण कुठे पितो?

या तिन्ही कारणांवर मला आज स्पष्ट बोलायचं आहे. राग आला तर येऊ द्या, आपण घरच्याच आहोत.

पहिलं कारण कांदा-लसणाचं. वेटरच्या लेखी ‘जैन’ म्हणजे कांदा, लसूण, बटाटा वगळा. त्या बिचाऱ्याचा दोष नाही, आपणच त्याला तेवढं शिकवलं. पण ब्रंचचं ताट नीट बघा. सॅलडवर मधाचं ड्रेसिंग. त्याच्या बाजूला अंजीर, जे उंबराच्याच कुळातलं म्हणून पंच उदुंबरांबरोबर अनेक घरांत वर्ज्य आहे. टोस्टवर मशरूम. हमस म्हणजे वाटलेले काबुली चणे, आणि ते बुडवायला कच्च्या दह्याचं डिप. घरी द्विदल होऊ नये म्हणून कढीचं ताक आधी तापवून घेणाऱ्या आपण, तिथे चणे आणि दही एकाच घासात खातो आणि वर फोटो काढतो. पास्त्यावर किसलेलं पार्मेजान चीज पारंपरिक पद्धतीचं असेल, तर ते वासराच्या पोटातल्या रेनेटने विरजलेलं असतं. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याचाही उपयोग मर्यादित. तो मांस, मासे, अंडं नाही एवढंच सांगतो. मध, कंदमूळ, द्विदल हे त्याच्या हिशोबात नाहीत. चातुर्मासात घरी पालेभाजी बंद असते आणि तिथे ताटभर हिरवी पानं येतात, ती ‘लेट्यूस’ म्हटल्याने पालेभाजी राहत नाहीत का?

दुसरं कारण सूर्यास्ताचं. हे मात्र मला मान्य आहे. रात्री दहाला हॉटेलात जेवण्यापेक्षा दुपारी एकला जेवणं केव्हाही बरं, आणि रात्रिभोजनत्याग सांभाळून बाहेर जायचं तर दुपारच उरते. पण एका नियमाचं पालन दुसऱ्या नियमाची सूट देत नाही. उपवास केला म्हणून खोटं बोलायला परवानगी मिळत नाही, तसंच हे.

तिसरं कारण सगळ्यात भारी: “आपण कुठे पितो?” बायांनो, आपला धर्म फक्त स्वतः करण्याचा हिशोब मांडत नाही. करणं, करवणं आणि करणाऱ्याला अनुमोदन देणं, तिन्ही आपल्या खात्यात येतात. मद्याचा त्याग ही श्रावकाची पहिली पायरी आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मूलगुण सांगितले, त्यात मद्य, मांस, मधु यांचा त्याग पाच अणुव्रतांच्या बरोबरीने आहे. श्वेतांबर परंपरेत मद्य महाविगईत येतं. पंधरा कर्मादानांत रसवाणिज्य आहे, म्हणजे ज्या व्यापारातून पोट भरणंही श्रावकाला नको, त्यात मद्याचा व्यापार मोजला आहे. आणि त्याच व्यापारावर उभ्या असलेल्या जागेला आपण दर रविवारी बिल भरतो, फोटोत नाव टाकतो आणि आणखी चार जणींना बोलावतो. याला अनुमोदन नाही तर काय म्हणायचं?

नाशिकमध्ये हा प्रश्न जास्त टोकदार आहे. द्राक्षांचं आपलं गाव गेल्या पंचवीस वर्षांत वाइनचं गाव झालं. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. जानेवारी 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असं मोठमोठी माणसं बोलली. शेतकऱ्याच्या भावाचा प्रश्न खरा आहे, त्यावर मी इथे बोलत नाही. पण ते वाक्य आता आपल्या मुलांच्या तोंडी येऊ लागलंय, त्याची मला भीती वाटते. महाराष्ट्राच्या कायद्यातही वाइनला 21 वर्षं आणि कडक दारूला 25 वर्षं वयाची अट आहे. आपण मात्र आठ-दहा वर्षांच्या मुलांना त्याच हॉलमध्ये बसवतो. शेजारच्या टेबलावर उंच ग्लास येतो, आपल्याही टेबलावर तसाच ग्लास येतो, त्यात फक्त मॉकटेल असतं. मुलाला दोन ग्लासांतला फरक दिसत नाही. दारूच्या जागेचा संकोच एकदा मोडला की नियम टिकवायला हाताशी काही उरत नाही.

आता पुरुषांकडे आणि समाजाच्या पुढाऱ्यांकडे वळते. बायकांच्या ब्रंचच्या रीलवर सभेत चर्चा होते, पण धंद्याच्या नावाखाली संध्याकाळी परमिट रूममध्ये बसणाऱ्यांवर कोणी ठराव केला? ‘व्यवहार आहे, बसावं लागतं’ हे उत्तर त्यांना पुरतं आणि ‘आम्ही फक्त जेवतो’ हे बायकांना पुरत नाही, हा कुठला न्याय? अनुमोदन दोघांचंही सारखंच.

आणि बाई ब्रंचला का जाते, तेही विचारा. सोमवार ते शनिवार ती डबे भरते, पाणी गाळते, उकळते, धान्य निवडते, सूर्यास्ताआधी सगळ्यांची ताटं वाढते. रविवारी पाहुणे, नातेवाईक, वेगळे पदार्थ. सगळ्यांची सुट्टी म्हणजे तिचं दुप्पट काम. आहारशुद्धीचा अभिमान सगळ्या घराला, मेहनत तिच्या एकटीची. मग कोणी दुसऱ्याने वाढलेलं गरम ताट तिला हवंसं वाटलं, तर त्यात तिचं काय चुकलं? तिला गजपंथाला किंवा विल्होळीला दर्शनाला जा, असं सांगून हा प्रश्न सुटत नाही. तिथेही डबा तिनेच करायचा असतो!

म्हणून माझं म्हणणं दोन बाजूंचं आहे. मैत्रिणींनो, बाहेर जरूर जा, हसा, गप्पा मारा, पण बार नसलेली जागा निवडा. शुद्ध शाकाहारी रेस्टॉरंटं नाशिकमध्ये कमी नाहीत. तिथल्या मालकाला द्विदल काय, मध का नको, हे सांगा. गिऱ्हाईक म्हणून आपला शब्द चालतो, म्हणून तर मिसळवाल्यांकडेही जैन मिसळ मिळते. आणि घरातल्या पुरुषांनो, महिन्यातला निदान एक रविवार चूल तुम्ही सांभाळा. पाणी गाळण्यापासून भांडी आवरण्यापर्यंत सगळं.

‘जैन’ हा शब्द आपल्या आजी-पणजींनी आयुष्यभर नियम पाळून कमावला आहे. बारच्या मेनूकार्डवर तो कंसात छापून यावा, एवढा तो स्वस्त नाही.