एकाच खेळाचे बारा महिने

येत्या २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन. मेजर ध्यानचंद यांचा हा जन्मदिवस २०१२पासून देशभर क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. शाळाशाळांतून तसबिरीला हार पडतो, शपथ होते, फोटो निघतो आणि तो लगोलग वर पाठवला जातो. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, चुडाव्यासारख्या गावांत या दिवसांत मैदान चिखलाचे असते, म्हणून कार्यक्रम बहुधा व्हरांड्यातच उरकतात. भाषणात तीन सुवर्णपदकांचा उल्लेख होतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. ध्यानचंद १९२२मध्ये सैन्यात गेले तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे होते आणि त्याआधी आपण सांगण्यासारखी हॉकी खेळल्याचे आठवत नाही, असे त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात नमूद केले आहे. लहानपणी त्यांचा ओढा कुस्तीकडे होता. आज सोळा वर्षांचा असा मुलगा कुणा प्रशिक्षकासमोर उभा राहिला तर ‘फार उशीर झाला’ म्हणून त्याची बोळवण होईल.

उशीर होण्याची ही धास्ती आता गावापर्यंत पोहोचली आहे. चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्यामधले रेल्वे स्टेशन. ज्यांना परवडते ते मुलाला शहरातल्या क्रिकेटच्या वर्गाला घालतात, ज्यांना परवडत नाही ते तसे करता आले असते तर बरे, असे म्हणतात. दोघांच्याही मनात हिशेब एकच: पोराने लहानपणीच एक खेळ धरावा, बारा महिने तोच घोटावा, तेव्हा कुठे काहीतरी होईल. आमच्या मते हा हिशेब चुकीचा आहे. निदान चौदा-पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी तरी चुकीचाच.

या भागात एकच खेळ वर्षभर खेळणे कालपरवापर्यंत शक्यच नव्हते. काळी माती ते होऊ देत नसे. मृगाचा पाऊस पडला की मैदान पायाला धरायचे. मग खेळ ओट्यावर, देवळाच्या मंडपात नाहीतर तालमीत. नागपंचमीला झोके बांधले जात, मुलींच्या फुगड्या आणि झिम्मा रंगे. दिवाळीनंतर जमीन घट्ट झाली की कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या, विटीदांडू. जत्रांचे दिवस आले की कुस्तीचे फड. रब्बीची रास झाली की मोकळ्या रानात क्रिकेट. तेही मे महिन्यात जमिनीला भेगा पडून चेंडू त्यात गडप व्हायला लागेपर्यंतच. आणि परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेला की पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत उड्या. कुणी ठरवून दिलेला अभ्यासक्रम नव्हता हा. पण एका वर्षात त्या पोराचे पाय, खांदे, पाठ, दम आणि नजर या साऱ्यांना आळीपाळीने काम आणि आळीपाळीने विसावा मिळत असे. या जुन्या दिवसांचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. विहिरीत पोरे बुडतही, आणि खेळायला मिळे ते घरचे काम आटोपल्यावरच, मुलींना तर तेवढेही नाही. तरी शरीराच्या बाजूने पाहता त्या रहाटीत एक शहाणपण होते आणि ते आज डॉक्टर पैसे घेऊन सांगतात.

डॉक्टर काय सांगतात? वाढत्या वयात हाडांची टोके अजून कूर्चेची, मऊ असतात. हाड झपाट्याने लांब होते; स्नायू आणि कंडरा त्या वेगाने लांबत नाहीत. अशा वेळी रोज तीच उडी, तीच फेक, तीच धाव झाली की ताण त्याच जागी साचतो. दहा ते चौदा वर्षांची मुले गुडघ्याखालचे हाड दुखते, टाच दुखते अशी तक्रार करतात, तिचे कारण पुष्कळदा हेच असते. वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलांच्या कमरेच्या मणक्याला बारीक तडा जातो आणि घरचे ‘वाढीचं दुखणं आहे, चोळून घे’ म्हणून मोकळे होतात. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ फेकींची मर्यादा आहे. इंग्लंडमध्ये लहान वेगवान गोलंदाजांना वयाप्रमाणे षटके ठरवून दिलेली आहेत. आपल्याकडे टेनिस बॉलच्या स्पर्धांत पंधरा वर्षांच्या पोराने दिवसभरात किती चेंडू टाकले, हे कोण मोजतो? बक्षिसाची रक्कम मात्र कमानीवर मोठ्या अक्षरात असते.

अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६मध्ये याबाबत स्पष्ट सल्ला दिला होता: एका खेळाला वाहून घ्यायचे ते पंधरा-सोळाव्या वर्षाच्या सुमारास, तोवर आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून तीन महिने त्या खेळापासून लांब, तेही एकेक महिन्याच्या तुकड्यांनी. सुट्टी त्या खेळापासून, हालचालीपासून नव्हे.

‘पण मग मूल मागे पडेल त्याचं काय?’ पालकांची खरी शंका ही आहे आणि ती खोटी नाही. क्रीडा-संशोधक अर्ने ग्युलिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१मध्ये ६,०९६ खेळाडूंच्या बालपणाची माहिती एकत्र मांडली. त्यात ७७२ जण जगातले अव्वल खेळाडू होते. त्यातून निघालेली गोष्ट आमच्या मते प्रत्येक पीटीच्या सरांनी फळ्यावर लिहून ठेवावी अशी आहे. चौदा-सोळा वर्षांखालच्या गटात जे चमकतात त्यांनी बहुतेक करून लवकर सुरुवात केलेली असते आणि एकच खेळ घोटलेला असतो. मोठेपणी जे जगात पहिल्या रांगेत बसतात त्यांनी मात्र लहानपणी जास्त खेळ खेळलेले असतात, आपला खेळ उशिरा धरलेला असतो आणि सुरुवातीला ते हळूहळूच पुढे सरकलेले असतात. म्हणजे तालुक्याची ढाल आणि देशाचे पदक यांच्या वाटा पुष्कळदा वेगळ्या आहेत. शाळेला ढाल हवी असते, कारण ती यंदाच्या अहवालात दाखवता येते.

यावर सचिन तेंडुलकरचे नाव निघणारच. अकराव्या वर्षी शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे गेला, क्रिकेटसाठी शाळा बदलून शारदाश्रमात दाखल झाला आणि सोळाव्या वर्षी, १९८९मध्ये कसोटी खेळला. खरे आहे. पण त्याच मैदानावर तितक्याच पहाटे उठून, तितकेच चेंडू खेळून घरी परतलेल्या शेकडो मुलांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत म्हणून हे उदाहरण इतके पटते. शिवाय, अकरापर्यंत हाच मुलगा टेनिसचा वेडा होता आणि मॅकेन्रोचा चाहता होता. राहुल द्रविड लहानपणी हॉकी खेळला, महेंद्रसिंह धोनी फुटबॉलचा गोलरक्षक होता. काही खेळांना लवकर सुरुवात लागते, हेही मान्य. जिम्नॅस्टिक्सला लागते. बुद्धिबळाला लागते, नागपूरची दिव्या देशमुख २०२५च्या जुलैत एकोणीस वर्षांची असताना महिला विश्वचषक जिंकली ती लहानपणापासूनच्या अखंड सरावावर. पण बुद्धिबळात गुडघे झिजत नाहीत.

मराठवाड्यातले सर्वांत बोलके उदाहरण मात्र बीडचे आहे. ते आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचे. बारावीनंतर तो सैन्यात गेला, २०१५च्या सुमारास लष्कराच्या क्रॉसकंट्रीत धावू लागला आणि त्यानंतर स्टीपलचेसकडे वळला. २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले, २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठली. लहानपणी त्याच्या वाट्याला आलेला पहिला ‘सराव’ म्हणजे घर ते शाळा हे काही किलोमीटरचे अंतर.

साबळेचे नाव घेतले की आमच्या भागात लगेच दुसरा विषय निघतो: भरती. चुडाव्याच्या आसपासच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर पहाटे पाचला उभे राहा. पोरे धावताना दिसतील, हल्ली मुलीही. पोलीस भरतीत मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, दोघांना शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणी पन्नास गुणांची. नोकरी हवी म्हणून ही पोरे धावतात, त्यांना नावे ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. आमची तक्रार वेगळी आहे. ही धाव आता आठवी-नववीपर्यंत खाली आली आहे. तेरा वर्षांचा मुलगा डांबरावर, झिजलेल्या बुटांत, वर्षाचे बारा महिने तेच सोळाशे मीटर पळतो. नडगी दुखायला लागली की पट्टी बांधून पळतो. खेड्यातला खरा बारमाही एकच खेळ हा आहे, आणि तो खेळ म्हणून तर कुणी खेळतच नाही. भरतीला बसायचे वय अठरा आहे. तोवर हाच मुलगा हिवाळ्यात खो-खो आणि कबड्डी खेळला, उन्हाळ्यात पोहला, तर त्याचा दम आणि पाय चांगलेच होतील. खो-खोत वळणारा, डाइव्ह मारणारा, दमात दम टिकवणारा पोरगा सोळाशे मीटरला मागे राहत नाही.

मुलाला लवकर एका खेळात अडकवू नये, हे सरकारला कळत नाही असे म्हणता येणार नाही. राज्याने १९९६मध्ये क्रीडा प्रबोधिनी सुरू केली. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २००९मध्ये तिथे गेला तेव्हा त्याच्या हातात लगेच बंदूक दिली नाही. वर्षभर अंगमेहनत करून घेतली, त्यानंतर खेळ निवडायला सांगितला. त्याने नेमबाजी निवडली. पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याला कांस्यपदक मिळाले. प्रबोधिनीच्या मोजक्या मुलांना जे मिळते ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला का मिळू नये? त्याला पैसाही फारसा लागत नाही. खो-खोला दोन खांब लागतात, कबड्डीला चुना.

अडचण माहितीची नाहीच. कापसावर कापूस घेतला की रान थकते, हे परभणीतल्या शेतकऱ्याला कुठल्या विद्यापीठाने सांगावे लागत नाही. तरी तो सोयाबीनवर सोयाबीन घेतो, कारण बाजारात जे चालते ते पेरावे लागते. खेळाचेही तसेच. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडा गुण, शासकीय नोकरीतले खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण हे चांगल्या हेतूने केलेले नियम आहेत. पण त्यांनी पालकाला प्रमाणपत्राचा भाव शिकवला. प्रमाणपत्र मिळते एका खेळाचे, सर्वांगीण खेळण्याचे नाही. मग सातवीतच चौकशी सुरू होते: कोणत्या खेळात चढाओढ कमी आहे?

आणि ज्या शाळेत एकच खेळ चालतो तिथे तो कुणी निवडलेला नसतो. सरांना तोच येतो, खोलीत तेवढेच साहित्य असते. मुलींचे त्याहून वाईट. सातवी-आठवीनंतर त्या मैदानावरून हळूच नाहीशा होतात आणि कुणी हजेरीही घेत नाही. २०२५च्या जानेवारीत दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या महिलांनी तो प्रियंका इंगळे या मराठी मुलीच्या नेतृत्वाखाली जिंकला. त्यानंतर आमच्या तालुक्यातल्या किती शाळांनी मुलींसाठी खो-खोचे मैदान आखले, याची चौकशी एखाद्या अधिकाऱ्याने जरूर करावी.

तेव्हा यंदाच्या क्रीडा दिनी शपथेनंतर शाळांनी एक कागद करावा. पावसाळ्यात तालीम, दोरीच्या उड्या, मल्लखांब जमला तर मल्लखांब. दिवाळीनंतर कबड्डी, खो-खो, लांब उडी, गोळाफेक. परीक्षेच्या काळात रोज अर्धा तास काहीही, पण बाहेर. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत क्रिकेट, आणि एखाद्या जाणत्याच्या देखरेखीखाली पोहणे. एकाच खेळात खरोखर जीव रमलेला मुलगा निघाला तर त्याला अडवू नका. त्याला वर्षातले तीन महिने दुसरे काहीतरी खेळायला लावा, एवढेच. चुडाव्यात हे करायला नवा आदेश यावा लागत नाही.

एका बाबतीत मात्र आदेश लागतो. शालेय स्पर्धांच्या तालुका फेऱ्या भर पावसाळ्यात येतात आणि मैदान न पाहता उरकल्या जातात. मुले चिखलात घसरतात, हरतात, आणि त्या खेळाचे वर्ष तिथेच संपते. जिल्हा क्रीडा कार्यालयाने पुढच्या वर्षीच्या तारखा ठरवण्याआधी ऑगस्टच्या कुठल्याही दिवशी पूर्णा तालुक्यातल्या एखाद्या शाळेच्या मैदानावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावे. चप्पल हातात घ्यावी लागेल.