हनुवटीवरील केस आणि लेसरचा प्रश्न



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आमच्या बेळगावच्या धर्मग्रामातील एक बाई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीसह आमच्या भेटीस आल्या. मुलीचे लग्न ठरण्याच्या बेतात होते. पाहावयास आलेल्या मंडळींतील कुणा आत्याबाईंनी मुलीच्या हनुवटीकडे निरखून पाहिले आणि जाताजाता एक शब्द टाकून गेल्या. तेव्हापासून ही मुलगी रोज आरशापुढे बसून चिमट्याने केस उपटीत होती. दहा आठवड्यांत लेसर करून चेहरा स्वच्छ करून घ्यावा, असे आईने मनाशी योजिले होते.

"फादर, यात काही पाप नाही ना?" बाईंनी विचारले.

पाप कसले! आम्ही स्वतः रोज सकाळी गालांवर वस्तरा फिरवितो आणि त्याला कुणी नट्टापट्टा म्हणत नाही. मात्र आम्ही उलट विचारले, "बाई, हे केस केव्हापासून वाढू लागले?" मुलीने आईकडे पाहिले. आई हळू आवाजात म्हणाली, "दोन वर्षे झाली. पाळीही दोन-दोन महिने येत नाही."

आमच्या मते खरा प्रश्न येथेच होता आणि तोच नेमका विचारावयाचा राहून गेला होता. तरुण मुलीच्या हनुवटीवर, ओठावर वा छातीवर राठ केस येऊ लागले आणि पाळीही अनियमित झाली, तर पुष्कळदा त्यामागे अंडाशयाचा तो विकार असतो, ज्याला डॉक्टर पीसीओएस म्हणतात. शरीरातील पुरुषी संप्रेरकांचे प्रमाण वाढल्याने केसांची मुळे जोम धरतात. मूळ कारणाकडे दुर्लक्ष करून नुसते केस जाळीत राहणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून जमीन पुसत बसणे होय. शिवाय या विकारात पुढे मधुमेहाचा व संततीच्या अडचणींचा संभव वाढतो, तेव्हा लग्नाआधी तो कळणे हे लाजेचे नव्हे, हिताचेच आहे. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा होऊ लागला, तर मात्र एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठावा. क्वचित त्यामागे गाठ असू शकते.

आता लेसरविषयी. पहिला लेसर थिओडोर मेमन यांनी १९६० साली तयार केला. पण विशिष्ट रंगाचा प्रकाश योग्य तितकाच वेळ टाकला असता भोवतालच्या त्वचेला न भाजता नेमके लक्ष्य तापविता येते, हे तत्त्व अँडरसन व पॅरिश या दोघांनी १९८३ साली मांडले. केसातील काळे रंगद्रव्य प्रकाश शोषून घेते, तापते आणि ती उष्णता मुळाला इजा करते. अडचण अशी की तेच रंगद्रव्य आपल्या कातडीतही असते. गोऱ्या युरोपीय त्वचेवर काळा केस उठून दिसतो. आमच्या सावळ्या त्वचेत प्रकाशाला केस व कातडी यांतील भेद तितका सोपा राहत नाही. म्हणून सावळ्या वर्णास १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचे एनडी-याग हे यंत्र अधिक सुरक्षित मानतात: त्याचा प्रकाश खोल जातो आणि त्वचेतील रंगद्रव्य तो कमी शोषते. ७५५ नॅनोमीटरचे यंत्र गोऱ्यांना उपयोगी पडते. सावळ्या माणसावर ते निष्काळजीपणे चालविले तर डाग पडतात. आमच्या नात्यातील एक मुलगी गोव्याच्या किनाऱ्यावर चार दिवस ऊन खाऊन आली आणि परतताच एका स्वस्त दुकानात पायांवर लेसर करून बसली. तिच्या पोटऱ्यांवरचे तपकिरी पट्टे जावयास वर्ष लागले. तेथे तिला कुणी उन्हाविषयी विचारलेसुद्धा नव्हते.

वाढीच्या अवस्थेत असलेल्या केसावरच हा प्रकाश नीट लागू पडतो, आणि सर्व केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ खेपा कराव्या लागतात. दहा आठवड्यांचा हिशेब येथेच कोसळतो. शिवाय केस विरळ व मऊ होतात, कायमचे नाहीसेच होतात असे नव्हे. संप्रेरकांचा दोष असेल तर अधूनमधून पुन्हा खेप घ्यावी लागते. आणखी एक विचित्र प्रकार असा की चेहऱ्यावर, विशेषतः सावळ्या वर्णाच्या व याच विकाराच्या स्त्रियांत, लेसरने कधीकधी बारीक लव उलट दाट होते. जी केवळ लव आहे तिच्या वाटेस न गेलेलेच बरे.

आमच्या सांगण्यावरून मायलेकी प्रथम स्त्रीरोगतज्ज्ञांकडे व मग त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. विकार निघाला, औषध सुरू झाले. त्वचारोगतज्ज्ञांनी चिमटा, दोरा व मेण एक महिना बंद करावयास सांगितले, कारण मूळच उपटून गेले तर प्रकाश तापविणार तरी काय? तोपर्यंत वस्तरा चालेल म्हणाले. त्याने केस राठ होतात हा समज खोटा आहे. कापलेले टोक बोथट असते म्हणून तसे भासते एवढेच. मग कानाजवळच्या थोड्या जागेवर प्रकाश टाकून काही दिवस वाट पाहिली. डाग उमटला नाही, तेव्हा पहिली खेप झाली.

लग्नाचे काय? मुलीनेच भावी नवऱ्याला सर्व सांगितले. त्याने आत्याबाईंना काय सुनावले ते आमच्या कानी आले आहे, पण येथे छापण्याजोगे नाही. तारीख उन्हाळ्यानंतर धरली आहे.

परवा बाई पुन्हा भेटल्या. थोड्या संकोचाने म्हणाल्या, "फादर, माझ्याही हनुवटीवर चारदोन आहेत. मीही करून घेऊ का?" आम्ही विचारले, "काळे की पांढरे?" "पांढरे." मग लेसरचा उपयोग नाही, बाई, पांढऱ्या केसात रंगद्रव्यच नसते. त्यासाठी एकेका मुळाशी बारीक सुई घालून वीज सोडण्याची इलेक्ट्रोलिसिस ही जुनी रीत आहे. बाई क्षणभर विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "चारच तर आहेत. राहू द्यात."