'वा न आवडण्याचे' कारण

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत कवितेवरच्या एका प्रश्नाला मुद्दे नेमून दिलेले असतात. कवी कोण, विषय काय, संदेश कोणता, भाषिक वैशिष्ट्ये कोणती. त्याच यादीत आणखी एक मुद्दा येतो: कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण. 'वा न आवडण्याचे' हे मंडळाने मोठ्या मनाने छापले आहे, पण तिकडे कोणी फिरकत नाही. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चाळा. कविता सगळ्यांना आवडलेली असते, एकाच कारणासाठी आवडलेली असते, आणि ते कारण कोणत्या गाईडमधले आहे हे मास्तरांना न बघता सांगता येते.

हे मला पुण्या-मुंबईपेक्षा प्रतापगडच्या परिसरात जास्त खटकते. गोंदिया जिल्ह्याचा अर्जुनी मोरगाव तालुका म्हणजे झाडीपट्टी. भाऊबीज उलटली की इथे नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात आणि नाटक रात्रभर चालते. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला झाडीपट्टीची थोडी जाग आली. इथल्या माणसांना ती कधीच होती. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभे राहावे आणि पोरांचे बोलणे ऐकावे. 'नाटक चांगला होता, पन सेवट नाही जमला.' का नाही जमला? बाप एवढा दुष्ट दाखवला, तो एका गाण्यात सुधारला कसा? खलनायकाचा आवाज शेवटच्या अंकात बसला होता, म्हणून त्याची भीतीच वाटली नाही. मत आहे, मताला पुरावा आहे, आणि पुरावा नाटकातूनच काढलेला आहे. रसग्रहण याहून वेगळे काय असते?

तोच मुलगा तासाभराने वर्गात बसतो आणि 'प्रस्तुत कवितेतून कवीने मानवी मूल्यांचे दर्शन अत्यंत प्रभावीपणे घडवले आहे' असे वहीत उतरवतो. कोणती मूल्ये, कोणत्या ओळीत, प्रभाव कोणावर पडला, हे त्याला विचारायचे नाही, कारण फळ्यावर तसे लिहून देणाऱ्यालाही ते कोणी विचारलेले नाही.

प्रतापगडला आणखी एक गंमत आहे. टेकडीवर महादेव आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, आणि महाशिवरात्र नेमकी बोर्डाच्या परीक्षांच्या दिवसांत येते. महादेवाची गाणी म्हणत माणसे गावातून जातात आणि घरात पोरगी 'आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये' असे तीन कप्पे घोकत असते. बाहेर पुढचा गडी ओळ टाकतो, मागचे ती झेलतात, एखाद्याची चाल चुकली की तिला खिडकीतून कळते. यातले काही पेपरात उपयोगी पडेल, असे तिला कोणी सांगितलेले नसते.

पडते ना. मोरोपंतांचे 'भरतवाक्य' घ्या. 'केकावली'च्या शेवटाकडचा हा भाग दहावीला आहे. मोरोपंत (1729-1794) बारामतीला पुराण सांगत. लोकांना ऐकवणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय, त्यामुळे ही रचना कानासाठी आहे. 'केकावली' पृथ्वी वृत्तात आहे: ओळीत 17 अक्षरे, आठव्या अक्षरावर थांबा. गाईड 'संस्कृतप्रचुर भाषा, यमक व अनुप्रासाचा सुंदर वापर' एवढे सांगून मोकळे होते. मुलांनी ती रचना दोनदा मोठ्याने म्हटली तर थांबा त्यांना आपोआप सापडेल. ओकारान्त क्रियापदे एकामागून एक येऊन आदळतात, हेही ऐकू येईल: हे होवो, ते न होवो. मग कोणी म्हणेल, हे आर्जव आहे आणि पुन्हा पुन्हा मागण्यातच त्याचा जोर आहे. दुसरी म्हणेल, मला ही मागण्यांची यादी वाटते, डोळ्यांसमोर एकही माणूस उभा राहत नाही. माझ्या मते दोघांनाही पूर्ण गुण मिळायला हवेत. रसग्रहणाला 4 गुण असतात, तेवढ्यात दोन्ही मते आरामात मावतात.

गद्याचेही तेच. दुर्गा भागवतांच्या 'ऋतुचक्र' (1956) या पुस्तकातला 'वसंतहृदय चैत्र' हा लेख दहावीला आहे. पालवीचे रंग, फुले-फळे, पाखरांची घरटी, सगळे टिपून पाहिलेले. प्रतापगडकडची कितीतरी मुले याच दिवसांत पहाटे मोहफुले वेचायला जातात. मोह रात्री उशिरा आणि पहाटे गळतो, ऊन चढायच्या आत तो उचलावा लागतो, आणि पाचोळ्यात फुले दिसावीत म्हणून झाडाखालची जागा आधी साफ केलेली असते. त्या वासात उभे राहिलेल्या मुलाला चैत्राबद्दल लेखिकेशी बरोबरीने बोलता येईल. पण उत्तरात तो 'लेखिकेची सूक्ष्म निरीक्षणशक्ती' लिहितो आणि स्वतःची खिशात ठेवतो. इथून जवळच्याच नवेगावबांधला मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून राहिले. झाडा-पाखरांची नावे त्यांनी पुस्तकांइतकीच गावातल्या जाणत्या माणसांकडून घेतली आणि पुढे 'नवेगावबांधचे दिवस' लिहिले. त्या जाणत्यांची नातवंडे-पतवंडे आज आमच्या शाळांत आहेत आणि निरीक्षणशक्ती पाठ करत आहेत.

शिक्षकांची बाजू मला ठाऊक आहे. तीन कप्पे केले की ज्याला काहीच सुचत नाही त्याच्याही पदरात दोन गुण पडतात, आणि शेकडो पेपर तपासणाऱ्याला माप एकसारखे लावता येते. कप्पे राहू देत. पण ते उत्तर लिहिताना लागतात, कविता वाचताना नव्हे. आपण वर्गात उलटे करतो. आधी कप्पे फळ्यावर येतात आणि कविता त्यांत भरण्यापुरती उघडली जाते.

'मुलांना मोकळीक दिली तर ती कळली नाही म्हणून आवडली नाही असे लिहितील', असे एक ज्येष्ठ शिक्षक मला म्हणाले. लिहितीलच. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कवींची नावे झाकून कविता दिल्या, हवे ते लिहा म्हणाले, आणि आलेली उत्तरे 1929 साली पुस्तकात छापली. नाव झाकल्याबरोबर डन आणि हॉपकिन्स यांच्यासारख्यांवर पुष्कळांनी नाक मुरडले. पुस्तक वाचताना माझ्या लक्षात राहिले ते वेगळेच: ज्यांना कविता आवडल्या त्यांच्यातलेही बरेच जण कविता न वाचताच, ठरावीक भावनांवर खूश झाले होते. आळशी आवड आणि आळशी नावड यांत डावे-उजवे करण्यासारखे काही नसते. आपल्याकडे मात्र आळशी आवडीला गुण मिळतात. शिवाय आपल्या प्रश्नाचा पहिला मुद्दाच कवीचे नाव. समोर मोरोपंत म्हटल्यावर पंधरा वर्षांचे पोर नावड कशी काढणार?

बारावीला वसंत आबाजी डहाके यांची 'समुद्र कोंडून पडलाय' ही मुंबईवरची कविता आहे. प्रतापगडच्या कितीतरी मुलींनी समुद्र पाहिलेला नसतो. त्यांनी इटियाडोहचे धरण पाहिलेले असते. गाढवी नदीचे पाणी भिंतीमागे तुंबून उभे राहते म्हणजे काय, ते त्यांना कोणी समजवावे लागत नाही. त्या अनुभवावरून एखादीने लिहिले की कोंडलेल्या पाण्याची ताकद मला माहीत आहे, म्हणून कवितेतला समुद्र मला थकलेला वाटत नाही, दबा धरलेला वाटतो, तर ते चूक ठरेल का? कवितेतल्या ओळी तिच्या म्हणण्याला आधार देतात की नाही, एवढेच तपासणाऱ्याने पाहावे.

पण तपासणारा बसतो दुसऱ्या गावात, पुढ्यात नमुना उत्तर ठेवून. म्हणून माझी मागणी मुलांकडे नाही, मंडळाकडे आहे. नियामकांच्या बैठकीत आदर्श उत्तरे वाटतात, त्यांत यंदा एक उत्तर न आवडलेल्या कवितेचे ठेवा, पूर्ण गुण दिलेले. 'वा न आवडण्याचे' हे खरेच छापले आहे, की छपाईची चूक आहे, ते तरी शिक्षकांना कळेल. ते उत्तर पाठ्यपुस्तकातल्या कोणत्या कवितेवर असावे, याबद्दल माझी निवड पक्की आहे. पण कवी हयात आहेत, आणि त्यांचे चाहते पत्रे फार लांबलचक लिहितात.