‘डिड’च्या मागे ‘वेन्ट’ नको

पालकहो, भद्रावतीची आयुध निर्माणी असो की कोळसा खाण, नोकरीच्या परीक्षेत इंग्रजीशी गाठ पडू शकते. तिथे हातचा गुण जातो तो ‘आय डिड नॉट वेन्ट’ लिहून. आपण ‘मी गेलो नाही’ म्हणतो, म्हणून मुले भूतकाळ क्रियापदालाच लावतात. पण ‘डिड’ने काळ दाखवला की पुढे मूळ रूपच हवे: ‘डिड नॉट गो’. ‘कॅन’, ‘विल’, ‘मस्ट’ यांच्यापुढेही तसेच. मराठीत नाही का, ‘जाऊ शकतो’, ‘जाऊ शकली’. ‘जाऊ’ बदलतच नाही! ‘हॅव’पुढे मात्र तिसरे रूप: ‘हॅव गॉन’. आज रात्री मुलामुलींकडून पाच-पाच वाक्ये लिहून घ्या. इंग्रजी न शिकलेल्या आईलाही ‘जाऊ शकली’चा दाखला देता येईल.