सही तिची, उत्तरं कोणाची?



गेल्या महिन्यात आमच्या सल्ला केंद्रात पन्नाशीच्या एक मावशी आल्या. लेक अमेरिकेत, पहिलं बाळंतपण. व्हिसाचा ऑनलाइन अर्ज एजंटाने भरला होता. पाठवण्याआधी ‘तुम्ही एकदा बघा’ म्हणून मावशी त्याची छापील पानं घेऊन आल्या. वैवाहिक स्थितीपुढे लिहिलं होतं : विधवा.

नवऱ्याने मावशींना टाकलं त्याला १८ वर्षं झाली. घटस्फोट नाही. एजंटाला ‘कटकट नको’ होती. आम्ही वाचून दाखवलं तेव्हा मावशी दचकल्याच. “अहो ताई, तो जिवंत आहे. मी कशाला मारू त्याला?”

अमेरिकेच्या डीएस-१६० या अर्जात विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित, कायद्याने विभक्त असे पर्याय आहेत. परित्यक्तेचा नाही. कोर्टाचा निवाडा नसेल तर ती कायद्याने विवाहितच. म्हणजे ज्याने टाकलं त्याचीच माहिती भरायची! राग येतो, यायलाच हवा. पण त्यावर खोटं उत्तर हा उपाय नव्हे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचं ठरलं, तर त्या देशाची दारं कायमची बंद होऊ शकतात. अर्ज दुसऱ्याने भरला तरी सहीचं बटण अर्जदारानेच दाबायचं असतं. चूक एजंटाची, शिक्षा मात्र तिला.

नावाचाही घोळ असतोच. माहेरचं एक, सासरचं दुसरं. पासपोर्टवर आहे तेच नाव लिहावं. पूर्वीची नावं ‘इतर नावे’ या प्रश्नात द्यावीत.

नियम बदलत नाहीत असं नाही. २०१६ साली आपल्या पासपोर्टच्या नियमांत बदल झाला. विवाहितेला लग्नाचा दाखला लागेनासा झाला, घटस्फोटितेला आणि विभक्त स्त्रीला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती उरली नाही. परित्यक्तांचा प्रश्नही असाच लावून धरायला हवा.

तोवर आपल्या केंद्रांतून एवढं तरी करू या. प्रत्येक प्रश्न तिला मराठीत वाचून दाखवू या, उत्तर तिचं तिलाच देऊ द्या. मध्ये वीसेक मिनिटं काही भरलं नाही तर डीएस-१६० बंद पडतो. म्हणून कागदपत्रं आधी जमवावीत, भरलेलं वरचेवर जतन करावं. अर्जाचा क्रमांक आणि सुरक्षा प्रश्नाचं उत्तर एजंटाच्या नव्हे, तिच्या वहीत असावं.

मावशींच्या अर्जावर आता ‘विवाहित’ असं लिहिलं आहे. त्यांना ते मुळीच आवडलेलं नाही. पण उत्तर त्यांचं आहे.

तुमच्या केंद्रात असे अनुभव आले असतील तर जरूर लिहून पाठवा.